सुखाचे मोल आणि सुखाची मर्यादा : ‘उपदेशक’ ग्रंथाच्या ख्रिस्ती वाचनाची प्रस्तावना

ऐहिक सुखे पोकळ आहेत हे विधान जगातील बहुतेक धर्मपरंपरांनी कोणत्या ना कोणत्या रूपात केलेले असल्यामुळे ते कानावर पडताच मराठी वाचकाला संतांचे वैराग्यपर अभंग आठवतात आणि ख्रिस्ती धर्मही तेच सांगत असणार, असा समज सहज होतो. या समजात तथ्याचा अंश आहे. पण तेवढ्यावर थांबले तर ख्रिस्ती विचारातील सर्वांत मोलाचा भाग हातचा निसटतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार जग हा भास नसून देवाची निर्मिती आहे, आणि बायबलच्या पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आपले काम पाहून ते चांगले असल्याचा निर्वाळा देव पुन्हा पुन्हा देतो. अन्न, द्राक्षारस, विवाह, संगीत, शेतीभाती, मित्रांचा सहवास हे सारे ज्याने दिले त्यानेच ते चांगले म्हटले असेल, तर त्यातून मिळणारे सुख अखेर पोकळ का ठरते, हा प्रश्न म्हणूनच ख्रिस्ती विचारवंतांना कधीच सोपा गेला नाही. जग खोटे मानले की उत्तर एका वाक्यात देता येते. जग खरे आणि चांगले मानले की उत्तरासाठी पुष्कळ दूरवर जावे लागते.

या प्रवासाचा आरंभ जुन्या करारातील ‘उपदेशक’ या बारा अध्यायांच्या छोट्या ग्रंथापासून होतो. जुना करार म्हणजे यहुदी धर्मग्रंथांचा तो संग्रह, जो ख्रिस्ती मंडळीने आपल्या पवित्र शास्त्राचा पहिला भाग म्हणून स्वीकारला. या ग्रंथातील वक्त्याला हिब्रू भाषेत ‘कोहेलेथ’, म्हणजे सभेपुढे बोलणारा, असे म्हटले आहे. तो दावीदाचा पुत्र आणि यरुशलेमचा राजा असल्याचे आरंभीच सांगितले असल्याने परंपरेने त्याला शलमोन मानले. मात्र ग्रंथाची भाषा उत्तरकालीन आहे आणि तीत फारसी वळणाचे शब्द आहेत, म्हणून बहुतेक आधुनिक अभ्यासक त्याची रचना इसवी सनापूर्वीच्या पाचव्या ते तिसऱ्या शतकादरम्यानची मानतात. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत सापडलेले त्याचे तुकडे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील असल्याने त्याहून अलीकडे त्याला आणता येत नाही. हा ग्रंथ पवित्र मानावा की नाही, यावर हिल्लेल आणि शम्माई या दोन यहुदी गुरूंच्या परंपरांत मतभेद होता, आणि ते स्वाभाविकच होते, कारण यातील वक्ता देवावर विश्वास ठेवूनही देवाच्या कारभाराबद्दल असे काही बोलतो की भाविक वाचकाने दचकावे. असे असूनही अनेक यहुदी समाज आजही मंडपांच्या सणात, म्हणजे पीक घरात आल्यावरच्या आनंदोत्सवात, हाच ग्रंथ वाचतात.

दुसऱ्या अध्यायात कोहेलेथ सुखाची परीक्षा घेतो, आणि ती एखाद्या प्रयोगासारखी पद्धतशीर आहे. हसण्या-खेळण्यापासून सुरुवात करून तो द्राक्षारसाकडे वळतो; मग घरे बांधतो, द्राक्षमळे लावतो, बागा आणि राया उठवतो, त्यांतल्या झाडांना पाणी देण्यासाठी तळी खोदतो, दासदासी विकत घेतो, गुराढोरांचे आणि शेरडामेंढरांचे कळप वाढवतो, सोनेरुपे साठवतो, गायक-गायिका पदरी ठेवतो. डोळ्यांनी जे मागितले ते त्यांना नाकारले नाही आणि तरीही आपली सारासार बुद्धी शाबूत होती, असे तो मुद्दाम नोंदवतो. म्हणजे हा भोगाच्या आहारी गेलेल्या माणसाचा पश्चात्ताप नाही. या वर्णनातील सर्वांत प्रामाणिक जागा पुढे येते. आपल्या श्रमांमुळे आपल्या मनाला आनंद झाला, हे तो मोकळेपणाने मान्य करतो. सुख मिळाले नाही अशी त्याची तक्रारच नाही. मिळालेल्या सुखाकडे मागे वळून पाहताना हाती काही शिल्लक राहिले का, असे तो विचारतो आणि उत्तर नकारार्थी देतो. त्यासाठी तो जो हिब्रू शब्द योजतो त्याचा मूळ अर्थ श्वास किंवा वाफ असा आहे: डोळ्यांना दिसणारी, पण मुठीत न येणारी वस्तू.

मुठीत काही राहत नाही याची त्याने दिलेली कारणे अगदी व्यवहारातली आहेत. शहाणा आणि मूर्ख दोघांनाही मरण सारखेच गाठते. जे कमावले ते मागच्याच्या हाती जाणार, आणि तो शहाणा निघेल की मूर्ख हे कमावणाऱ्याला ठाऊक नसते. दिवसाचे कष्ट रात्रीची झोप घेऊन जातात. पैशाची आवड असलेल्याला पैसा पुरत नाही. या सगळ्याच्या मध्ये मात्र तो वारंवार थांबून एक वेगळेच वाक्य उच्चारतो: माणसाने खावे, प्यावे, आपल्या कष्टात समाधान मानावे, कारण तेही देवाच्याच हातून येते. घाईने वाचणाऱ्याला ही विसंगती वाटते आणि काही टीकाकारांनी ती दोन वेगळ्या लेखकांच्या माथी मारली आहे. वास्तविक ग्रंथाचे मर्म याच जागी आहे. जी भाकर मिळवून, साठवून, तिच्यातून आयुष्याचा अर्थ पिळून काढायचा प्रयत्न केला तेव्हा पोकळ ठरली, तीच भाकर देणगी म्हणून स्वीकारली तेव्हा गोड लागली. भाकर बदललेली नाही, तिच्याकडून केलेली अपेक्षा बदलली आहे.

नव्या करारात, म्हणजे येशू ख्रिस्ताचे चरित्र आणि प्रेषितांची पत्रे असलेल्या भागात, हाच धागा लूककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात पुन्हा हाती येतो. गर्दीतला एक जण येशूला विनंती करतो की, माझ्या भावाला सांगून मला वतनाचा वाटा मिळवून द्यावा. जमिनीच्या वाटणीवरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली भाऊबंदकी पाहिलेल्या मराठी वाचकाला हा प्रसंग परका वाटणार नाही. येशू वाटणी करण्याचे नाकारतो आणि एका सधन शेतकऱ्याचा दाखला देतो. त्याची जमीन भरघोस पिकली, धान्य ठेवायला जागा उरली नाही, म्हणून जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा आणि मग पुष्कळ वर्षे आरामात खाण्यापिण्याचा बेत त्याने केला. त्याच रात्री त्याचे आयुष्य संपले. या शेतकऱ्याने चोरी केलेली नाही, कोणाला फसवलेले नाही. दाखल्यात त्याचे जे बोलणे येते ते सारे त्याचे त्याच्याशीच आहे: पीक त्याचे, कोठारे त्याची, जीवही त्याचाच. पीक ज्याने दिले त्या देवाचा आणि पीक ज्याला द्यावे त्या शेजाऱ्याचा त्याच्या हिशेबात पत्ताच नाही. असा दाखला देणारा येशू स्वतः मात्र लग्नघरी जात असे, जकातदारांच्या पंक्तीला बसत असे, आणि विरोधकांनी त्याच्यावर खादाड व मद्यपी असल्याचा आळ घेतला होता, हे विसरले की दाखल्याचा रोख चुकतो.

‘उपदेशक’ ग्रंथावरील ख्रिस्ती भाष्यांत सर्वांत भेदक भाष्य न्यासा येथील बिशप ग्रेगरी यांचे आहे, असे निःशंकपणे म्हणता येते. आजच्या तुर्कस्तानातील कप्पदुकिया प्रांतात इसवी सन ३८० च्या सुमारास दिलेल्या त्यांच्या आठ प्रवचनांपैकी चौथ्यात ते दुसऱ्या अध्यायातील त्या लांबलचक यादीतल्या एकाच बाबीवर थबकतात: दासदासी विकत घेतल्या. आधीच्या आणि नंतरच्याही असंख्य वाचकांनी ही बाब द्राक्षमळे आणि तळी यांच्यासोबत ओलांडून टाकली होती. ग्रेगरी विचारतात की जो देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला त्याची किंमत किती नाण्यांत करणार, आणि जिला साऱ्या पृथ्वीवर अधिकार दिला त्या मानवजातीची खरेदीखते कोण लिहू शकेल. गुलामगिरी सर्वत्र रूढ असलेल्या, ख्रिस्ती घरांतही गुलाम असलेल्या जगात, एखाद्या मालकाच्या क्रौर्यावर न थांबता माणूस विकत घेण्याच्या कृतीवरच असा थेट प्रहार प्राचीन वाङ्मयात जवळजवळ आढळत नाही. या भाष्यामुळे संपूर्ण विषयाची दिशा बदलते. सुखाची पोकळी ही केवळ भोगणाऱ्याच्या मनातली उणीव राहत नाही. त्या सुखाखाली इतरांची शरीरे आणि आयुष्ये दडपलेली असतात आणि भोगणाऱ्याला ती दिसत नाहीत, हाही तिचाच भाग ठरतो.

याच्या अगदी जवळच्या काळात याच ग्रंथाचे दुसरे एक वाचन घडले आणि पश्चिम युरोपावर प्रभाव त्याचाच अधिक पडला. बायबलचे लॅटिन भाषांतरकार जेरोम यांनी रोममध्ये असताना ब्लेसिला नावाच्या तरुण विधवेला ‘उपदेशक’ समजावून दिला होता. तिच्या मनात या जगाविषयी तिरस्कार उत्पन्न व्हावा, हा आपला हेतू त्यांनीच नंतर आपल्या भाष्याच्या आरंभी नमूद केला आहे. ब्लेसिलाने कडक उपासतापास आरंभले आणि इसवी सन ३८४ मध्ये तिचा अंत झाला. उपवासांनी मुलीचा बळी घेतला, अशी कुजबुज तिच्या अंत्ययात्रेत चालली होती, आणि शोकाकुल आईला लिहिलेल्या पत्रात जेरोम यांनाच त्या कुजबुजीचा उल्लेख करावा लागला. पुढे बेथलेहेमात पूर्ण झालेले ते भाष्य मठवासीयांनी शतकानुशतके वाचले आणि त्यातून ‘जगाचा तिरस्कार’ या नावाने ओळखला जाणारा एक संपूर्ण वाङ्मयप्रकार फोफावला. इसवी सन ११९५ च्या सुमारास कार्डिनल लोतारिओ यांनी, जे ११९८ मध्ये तिसरे इनोसंट म्हणून पोप झाले, मानवी अवस्थेच्या हीनतेवर एक पुस्तक लिहिले. मानवाच्या थोरवीवरही लिहू, असे त्यांनी प्रस्तावनेत आश्वासन दिले होते. ते पुस्तक कधीच लिहिले गेले नाही, आणि एकट्या पहिल्या भागाच्या शेकडो हस्तलिखित प्रती युरोपभर फिरल्या. हे नुकसान लहान नव्हते.

ख्रिस्ती मंडळीने सुखाचे मोल आणि सुखाची मर्यादा यांतला तोल सर्वकाळ घालवला होता असे मात्र नाही. प्रेषित पौलाच्या नावे असलेल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातच विवाहाला मनाई करणाऱ्या आणि काही अन्ने निषिद्ध ठरवणाऱ्या उपदेशकांचा निषेध आहे, आणि चौथ्या शतकात गांग्रा येथे भरलेल्या धर्मपरिषदेने विवाह आणि मांसाहार यांना पाप मानणाऱ्या अतिरेकी तपस्व्यांना बहिष्कृत ठरवले. स्वतः उपवास करणे मंडळीला मान्य होते. जेवणाऱ्याला दोषी ठरवणे मान्य नव्हते.

या दोन टोकांमधील वाट ज्यांनी सिद्धांताच्या पातळीवर नेऊन पक्की केली ते संत ऑगस्टीन (३५४–४३०) होत. आजच्या अल्जीरियातील थगास्ते येथे जन्मलेल्या या वक्तृत्वशिक्षकाने चाळिशीनंतर लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनाच्या सहाव्या भागात मिलान शहरातला एक प्रसंग येतो. सम्राटाची स्तुती करणारे, खोटेपणाने भरलेले आणि खोटे आहे हे ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असलेले भाषण तयार करण्याच्या चिंतेने ते ग्रासलेले असताना, रस्त्यावर एक भिकारी पोटभर प्यालेला, हसत आणि थट्टामस्करी करत असलेला त्यांना दिसला. चार नाण्यांच्या भिकेत त्याने जे मिळवले तेच आपण मानसन्मानाच्या वळणावळणाच्या वाटेने मिळवू पाहतो आहोत आणि ते अजून मिळालेलेही नाही, असे त्यांनी सोबतच्या मित्रांना म्हटले. भिकाऱ्याचे सुख खरे होते असे ऑगस्टीन म्हणत नाहीत. पण तो रात्री झोपून शुद्धीवर येणार होता, आणि कीर्तीच्या नशेतून आपण सकाळी उठूनही शुद्धीवर येत नाही, हा फरक ते स्वतःला माफ न करता मांडतात.

धर्मशिक्षणावरील आपल्या ग्रंथात त्यांनी या अनुभवाला दोन संज्ञांची जोड दिली. ज्या वस्तूवर तिच्यासाठीच प्रेम करून मन तिच्यात विसावते तिचा ‘आस्वाद’ घेतला जातो, आणि जी वस्तू त्या विसाव्यापर्यंत पोहोचण्याचे साधन असते तिचा ‘उपयोग’ केला जातो. आस्वादाचा अंतिम विषय एकटा देव. बाकी सारे वाटेवरचे. ही मांडणी कोरडी वाटू शकते आणि माणसांवरील प्रेमालाही ‘उपयोग’ म्हणावे काय, या प्रश्नाने ऑगस्टीन स्वतः अडखळले आहेत. म्हणूनच योहानाच्या पत्रावरील प्रवचनांत त्यांनी दिलेला दृष्टान्त अधिक उजेड पाडतो. वराने वधूला अंगठी घडवून दिली आणि ती अंगठीवरच इतकी भाळली की वराचे तोंड पाहायचीही तिला गरज वाटेना, तर अंगठी वाईट ठरत नाही. पण तिने अंगठीचा अर्थच हरवला. ख्रिस्ती दृष्टीतील ‘पोकळी’ ही संकल्पना इतकी नेमकी अन्यत्र क्वचितच व्यक्त झाली असेल. वस्तू भरीव आहे, प्रेम करणारा जीवही खरा आहे. क्रम उलटा झाला आहे, आणि उलट्या क्रमामुळे दोन्हींच्या मधली जागा रिकामी राहते.

धर्मसुधारणेच्या काळात मार्टिन ल्यूथर यांनी १५२६ मध्ये विटेनबर्ग येथे ‘उपदेशक’वर व्याख्याने दिली, तेव्हा जेरोमच्या परंपरेवर त्यांनी उघड टीका केली. हा ग्रंथ निर्मित वस्तूंना दोष देत नाही. हातात असलेल्या देणगीत समाधान न मानता उद्याच्या देणगीमागे धावणाऱ्या माणसाच्या वासनेला दोष देतो, हे त्यांचे प्रतिपादन आजच्या बहुतेक अभ्यासकांनाही पटण्यासारखे आहे. शंभराहून अधिक वर्षांनी फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) यांनी त्याच धावण्याचे मानसशास्त्र उलगडले: शिकाऱ्याला ससा नको असतो, पाठलाग हवा असतो, कारण पाठलाग चालू असेपर्यंत स्वतःकडे पाहावे लागत नाही. एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्याकडे रात्री उशिरापर्यंत बोट सरकवणाऱ्या आजच्या पिढीला हे वर्णन समजावून सांगावे लागत नाही.

मराठी प्रदेशात या विचाराने आपले स्वतंत्र वळण घेतले आहे. वसईत आणि गोव्यात दरवर्षी राखेच्या बुधवारी भाविकांच्या कपाळावर राख लावून देहाच्या मातीची आठवण करून दिली जाते, आणि ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. गोव्यात त्याच्या आदल्या मंगळवारपर्यंत कार्निव्हालचा जल्लोष चाललेला असतो. पुढचा उपवासकाळ चाळीस दिवसांचा, पण त्यात रविवार मोजत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा, म्हणजे ख्रिस्त मृतांतून उठल्याचा, आनंददिवस असतो. सुखाला हाकलून न देता त्याला काळाची चौकट घालण्याची ही पद्धत अनेक प्रवचनांहून अधिक शिकवून जाते. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या आयुष्यात तर दोन्ही बाजू एकत्र नांदल्या: मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ उभारणारा हा ख्रिस्ती संन्यासी मराठी वाचकांना फुलामुलांचा कवी म्हणून परिचित आहे. सृष्टीवर असे प्रेम करणाऱ्यानेच सर्वस्व सोडावे यात विरोध नाही. ज्याला फूल फूल म्हणून पुरेसे वाटते त्याला त्याची मालकी लागत नाही. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मानसन्मानाचे विद्वज्जीवन बाजूला ठेवून केडगावच्या ‘मुक्ती’ आश्रमात दुष्काळातून आणलेल्या मुलींना आसरा दिला आणि अखेरची वर्षे बायबल मूळ भाषांतून मराठीत आणण्यात वेचली. त्यांचा त्याग कोणाच्या तरी पोटात अन्न होऊन पोहोचला, ही बाब ब्लेसिलाच्या उपवासांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. सुखाच्या पोकळीचा उपदेश इतिहासात अनेकदा चुकीच्या श्रोत्यांना केला गेला. उपाशी माणसाला अन्न व्यर्थ आहे असे सांगणे, मजुरी मागणाऱ्याला स्वर्गातल्या संपत्तीकडे बोट दाखवणे, नवऱ्याच्या घरात सुख न लाभलेल्या बाईला सुखाची असारता समजावणे हा या शिकवणीचा विपर्यास आहे आणि ख्रिस्ती धर्मोपदेशकांकडून तो घडलेला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘उपदेशक’मधील बोलणारा राजा आहे, त्याने सगळे मिळवून पाहिले आहे आणि तो स्वतःच्या वर्गाशी बोलतो आहे. चौथ्या अध्यायाच्या आरंभी हाच राजा गांजलेल्यांचे अश्रू पाहतो, त्यांचे सांत्वन करणारा कोणी नाही आणि जुलूम करणाऱ्यांच्या हाती बळ आहे हे पाहतो, आणि त्यांना त्यागाचा एक शब्दही सांगत नाही. ज्याच्या ताटात काहीच नाही त्याला वैराग्य शिकवण्याचा अधिकार या ग्रंथाने कोणालाही दिलेला नाही.

म्हणून वाचकाला एवढीच विनंती आहे की, भाष्ये आणि सिद्धांत यांच्याकडे वळण्यापूर्वी त्याने ‘उपदेशक’चे बाराही अध्याय एका बैठकीत वाचावेत, तासाभरात ते वाचून होतात. दुसऱ्या अध्यायातील राजाची यादी वाचताना दासदासींच्या उल्लेखापाशी ग्रेगरी थांबले तसे थांबावे, ती यादी चौथ्या अध्यायातील अश्रूंशेजारी ठेवावी, आणि खाण्यापिण्याच्या समाधानाविषयीची वाक्ये निराशेतली सवलत म्हणून सोडून न देता तितक्याच गांभीर्याने वाचावीत.